मृगाच्या लिलीचे गड्डे

दर फेब्रुवारीत इंग्लंडातली भाची एक फोटो पाठवते. झाडं उघडीबोडकी, जमिनीवर बर्फाचे उरलेसुरले तुकडे आणि त्यांतून वर आलेली, माना खाली घातलेली इवली पांढरी फुलं. स्नोड्रॉप. गेल्या वर्षी फोटोखाली तिनं लिहिलं, "मामा, येताना दहा कांदे आणू का? बॅगेत सहज मावतील." आम्ही धाराशिवात राहतो. त्या दुपारी गच्चीवरची फरशी पायाला चटके देत होती. तिला कळवलं, आणू नकोस. का नको, ते आधी सांगून टाकतो, कारण ऑनलाइन चित्रं बघून हाच प्रश्न विचारणारे अधूनमधून भेटतात.

स्नोड्रॉप हा युरोप, तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या डोंगरांतला कंद. फुलायच्या आधी त्याला कित्येक आठवडे ओली थंडी लागते, आणि पुढचा उन्हाळाही झाडांच्या गार सावलीत जावा लागतो. आपल्याकडे डिसेंबरात रात्री स्वेटर लागत असला, तरी दुपारी पुन्हा ऊन असतंच. फ्रिजमध्ये ठेवून एखादं फूल फसवून आणता येईलही, पण एप्रिल-मेच्या तापलेल्या कुंडीत तो कांदा टिकायचा नाही. शिवाय कायद्याची बाजू आहे. स्नोड्रॉपच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आणि कुठलाही कंद परदेशातून भारतात आणायचा, तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बॅगेत कपड्यांखाली दडवून आणलेला कांदा नियमात बसत नाही. त्याच्याबरोबर तिकडची बुरशी आणि सूत्रकृमी आपल्या कांद्याच्या शेतात आले, तर ते महागात पडेल.

पण स्नोड्रॉप जमवणाऱ्या लोकांकडून एक गोष्ट मात्र मी उचलली. या फुलाच्या मूळ जाती जेमतेम वीस. त्यांच्यातून निवडलेले, नाव दिलेले प्रकार मात्र हजारांवर गेलेत आणि लांबून बघाल तर सगळे सारखेच पांढरे. २०१५ साली 'गोल्डन फ्लीस' नावाच्या प्रकाराचा एकच कांदा लिलावात १३९० पाउंडांना गेला. हे लोक फूल बोटानं हळूच वर उचलतात आणि आतल्या तीन छोट्या पाकळ्यांवरचा हिरवा ठिपका बघतात. मग खाली वाकून पानांची जोडी जमिनीतून कशी येते ते बघतात. निवालिस या जातीची दोन पानं एकमेकांना सपाट चिकटून येतात, एल्वेसीचं एक पान दुसऱ्याला गुंडाळून घेतं, प्लिकॅटसच्या पानांच्या कडा मागं दुमडलेल्या असतात. रंगाकडे शेवटी बघायचं, अशी ही सवय. तीच सवय आपल्या अंगणातल्या एका कंदाला लावली, तर धाराशिव जिल्ह्यात बसून, फारसा खर्च न करता, चांगला संग्रह उभा राहतो.

तो कंद म्हणजे रेन लिली. पाऊस पडला की चार-सहा दिवसांत जमिनीतून दांडा काढून फुलणारी, एका दांड्यावर एकच फूल देणारी. स्नोड्रॉप आणि रेन लिली एकाच कुळातल्या, आणि आजच्या वर्गीकरणात आपला कांदा-लसूणही त्याच कुळात येतो. म्हणजे ज्या जिल्ह्यात कांद्याचं रोप टाकणं, काढणं, सुकवणं लोकांच्या हातात बसलंय, तिथं या फुलाची अर्धी विद्या आधीच आहे.

बाजारात 'लिली' मागाल तर मात्र भलतंच मिळेल. फुलवाल्याकडे दोऱ्यानं जुडी बांधलेल्या लांब पांढऱ्या कळ्या असतात, त्या स्पायडर लिलीच्या. घाटाच्या कडेला, बंगल्यांच्या कुंपणाला रुंद पट्ट्यासारखी पानं असलेला भला मोठा नागदवणा असतो, तो वेगळा. निशिगंध तर या कुळातलाच नाही. नर्सरीत जाताना 'पावसाळी लिली, गवतासारख्या पानांची' असं सांगा आणि शक्यतो फूल असताना जा.

आता ओळख. यात मी स्वतः सात-आठ वर्षं चुकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे घरोघर दिसणारी मोठी गुलाबी लिली सगळे 'रोझिया' म्हणून देतात-घेतात. मीही तसंच लिहून ठेवलं होतं. एका जुलैत कंटाळून फूल खुडलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि ब्लेडनं उभं चिरलं. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजायला बसलो. पाकळ्या जिथं एकत्र जोडल्या जाऊन देठाकडे हिरवी नळी होते, ती नळी दीड सेंटिमीटरची भरली. फूल पूर्ण उघडल्यावर तळहात झाकेल एवढं. पानं सपाट, पाऊण सेंटिमीटरपर्यंत रुंद, बुडाशी लालसर. मधला स्त्रीकेसर पुंकेसरांच्या वर आलेला आणि टोकाला तीन फाटे. ही 'रोझिया' नव्हेच, ही झेफिरँथिस कॅरिनाटा. जुन्या पुस्तकांत हिलाच ग्रँडिफ्लोरा म्हटलेलं असतं. खरी रोझिया हिच्या निम्म्या आकाराची. रंग जास्त गडद गुलाबी, घशात हिरवट पांढरा तारा आणि नळी अगदी आखूड, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. आणखी एक सोपी खूण बियांची आहे. कॅरिनाटाला आपल्याकडे बी जवळजवळ धरतच नाही, रोझिया शेंगा भरून बी देते. दोन फुलं शेजारी ठेवल्यावर चूक होणं अशक्य आहे. चूक होते ती फोटोवर, कारण फोटोत तळहात नसतो.

पांढरी म्हणजे कँडिडा. भाचीच्या स्नोड्रॉपला उत्तर म्हणून मी हिचाच फोटो पाठवतो. मूळची अर्जेंटिना-उरुग्वेकडची, रिओ दे ला प्लाता नदीच्या काठची, आणि तो काठ तिच्या स्वभावातून अजून गेलेला नाही. पान बाकीच्यांसारखं चपटं नसतं. लसणाच्या पातीहून बारीक, गोलसर, जाड आणि गडद हिरवं असतं आणि वर्षभर टिकतं. फुलाला नळी जवळजवळ नाहीच. ही मृगाला फुलत नाही, मघा-पूर्वापासून पुढे जोर धरते आणि उत्तरा-हस्तात कुंडी पांढरी होते. तुळजापूरच्या नवरात्राची गर्दी सुरू होते, तेव्हा आमच्याकडे ही भरात असते. शेजारच्या काकू विचारतात, देवीला चालते का? चालत असेल, पण खुडली की तासाभरात मान टाकते, माळेत टिकत नाही. संध्याकाळी आपोआप मिटते, ढगाळ दिवशी उघडतच नाही. फूल बघायचं तर सकाळी दहा ते तीन.

पिवळी सिट्रिना मेक्सिकोकडची. फूल लहान, पिवळाधमक रंग, पान अरुंद आणि मधोमध पन्हळ पडलेलं. ही बी इतकं टाकते, की दुसऱ्या वर्षी शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत उगवते. बियांची रोपं आईसारखीच निघतात, त्यामुळे एक कांदा मिळाला की तीन वर्षांत गल्लीभर वाटता येते. कँडिडा आणि सिट्रिना यांचा जुना संकर 'अजॅक्स' फिकट सायीच्या रंगाचा असतो. तो पांढरीत मिसळून विकला जातो आणि घेणाऱ्याला वर्षभर कळत नाही. मिटायला आलेल्या फुलाची पाकळी बाहेरून बघा, पिवळी झाक तिथं सापडते.

मग वाकड्या मानेची एक गुलाबी असते. बाकीच्या लिली आकाशाकडे तोंड करून फुलतात, ही दांड्यावर कलती बसते, फिकट गुलाबी, आणि बहुतेकदा पानं यायच्या आत फुलून मोकळी होते. हिचं नाव हॅब्रँथस रोबस्टस. फुलात डोकावून पुंकेसर मोजा. सहा असतील, पण उंची चार प्रकारची. झेफिरँथिसमध्ये एवढा फरक नसतो. अलीकडे अभ्यासकांनी हॅब्रँथसही झेफिरँथिसमध्येच घातला आहे, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळू नका, वहीत दोन्ही लिहा. आणि संध्याकाळी उमलणारी, सुगंधी, बोटभर लांब नळीची पांढरी लिली कुठं दिसली, तर ती टेक्सास-मेक्सिकोकडची कूपेरिया. ती मिळाली तर एक कांदा माझ्यासाठी ठेवा.

या पाच-सहा जाती म्हणजे पाया. पुढे संकरित प्रकारांचं रान आहे. दुहेरी पाकळ्यांचे, पट्ट्यांचे, पीच रंगाचे, लालसर केशरी. इंडोनेशिया आणि थायलंडमधल्या शौकिनांनी यांत फार काम केलंय आणि तिकडचे प्रकार आता आपल्याकडच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडेही दिसतात. तिथं जपून. एका विक्रेत्याकडून मी 'निळी रेन लिली'चे तीन कांदे चारशे रुपयांना घेतले होते. दीड वर्षानं फूल आलं, आपली घरचीच गुलाबी कॅरिनाटा. निळी रेन लिली नसते. चित्रात निळी, मोरपंखी, काळी दिसली की ते संगणकाचं काम समजा. खरेदी करायचीच तर विक्रेत्याला त्या कांद्याचं स्वतःच्या कुंडीतलं फूल, पानासकट, दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

लागवड सोपी आहे, फक्त आपली काळी माती थेट कुंडीत भरायचा मोह आवरावा लागतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्या भेगांत मुळं तुटतात आणि पावसात बुडाशी पाणी साचून कांदा सडतो. मी घेतो ते प्रमाण असं: दोन घमेली पोयटा, एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम किंवा धुतलेली वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर हुमणी येते, त्यापेक्षा खत न घातलेलं बरं. जमिनीत लावायचं असेल तर गादीवाफा करा, वीतभर उंच. हळद-आल्याला करतो तसाच.

आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या आहेत आणि बोअरचं पाणी जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो, तो क्षाराचा. मग नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक अजून खत घालतात आणि आणखी बिघडवतात. ही बहुतेकदा लोहाची कमतरता असते. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. फेरस सल्फेट पानांवर अगदी पातळ फवारलं, लिटरला दोन-तीन ग्रॅम, तर तात्पुरता उतारा पडतो. खरा उपाय पावसाचं पाणी. आमच्या पत्र्याच्या पन्हळीखाली दोन पिंपं आहेत, त्यातलं पाणी लिलींना राखीव. आणि आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका. त्यात बोअरचे सगळे क्षार दाटून आलेले असतात. फरशी पुसायला ते ठीक. माती किंवा पाण्याबद्दल शंका असेल तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, अंदाजानं औषधं ओतण्यापेक्षा तपासणी स्वस्त पडते.

कांदा किती खोल लावायचा? मानेचं टोक मातीच्या वर डोकावेल इतका, कांद्यावर बोटभर माती. सहा इंची कुंडीत सात-आठ कांदे बसतात, आणि दाटीवाटीनं बसलेलेच चांगले फुलतात. दर वर्षी उपटून विरळ करणाऱ्याच्या नशिबी पानंच येतात. तीन वर्षं हलवू नका. कुंडी फुगली, कांदे एकमेकांना वर ढकलू लागले, की मार्च-एप्रिलमध्ये काढा, पिल्लं वेगळी करा. वाटणी करायची तीही तेव्हाच.

आता फुलवण्याचा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नळाच्या पाण्यानं रेन लिली फुलत नाही, पावसाच्याच पाण्यानं फुलते, त्यात वीज असते, असं लोक सांगतात. अनुभव खरा आहे, कारण मात्र तिथंच संपत नाही. कांद्याला आधी कोरडा काळ लागतो. त्यानंतर माती खोलवर एकदम भिजली आणि हवा गार झाली की आत तयार बसलेली कळी वर येते. आपण रोज तांब्याभर पाणी घालत राहतो, कोरड पडूच देत नाही, मग ती फुलणार कशी? म्हणून मे महिन्यात कॅरिनाटा, रोझिया, सिट्रिना आणि हॅब्रँथसचं पाणी तोडा. कुंड्या भिंतीच्या पूर्वेला किंवा आंब्याखाली ओढून ठेवा. वळीव झाला की बाहेर काढा, नाहीतर मृगाची वाट बघा.

त्यापुढे एक उलटी गंमत आहे. तरणा-म्हातारा पाऊस दडी मारतो, सोयाबीन माना टाकतं, शेतकरी आभाळाकडे बघत बसतो, तेव्हाच या लिली पुढच्या बहराची तयारी करत असतात. खंड तुटून पाऊस आला की पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा फूल. सलग भिजपाऊस लागलेल्या वर्षी आमच्याकडे फुलं कमी आली, आणि पाऊस तुकड्या-तुकड्यांनी पडला त्या वर्षी चार-चार बहर झाले. शेताकडे बघून मन खट्टू असताना गच्चीवर ही चंगळ बघायला थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण कंदाला कुणाचं काय.

२०१६चा उन्हाळा इथल्या कुणी विसरणार नाही. शेजारी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडे टँकरचं पाणी मोजून वापरायचं, कुंड्यांना कुठलं. मार्चपासून जूनपर्यंत लिलींना थेंब मिळाला नाही. मातीचा डिखळ झाला. कॅरिनाटा आणि हॅब्रँथसचे कांदे सुकलेल्या लसणासारखे आकसले, पण पाऊस झाल्यावर आठवड्यात फुलले. रोझिया थोड्या गेल्या. पांढरी कँडिडा मात्र जवळजवळ सगळी गेली, तिचा नदीकाठचा जीव. तेव्हापासून कँडिडाची एक तरी कुंडी मी स्वयंपाकघराच्या मोरीजवळ ठेवतो. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तिला बारा महिने मिळतं. तुमच्याकडे एसीचं पाणी बाहेर ठिबकत असेल, तर त्या नळीखालची जागा तिची.

संग्रह करायचा म्हणजे कुंड्या वाढवायच्या असं नव्हे. दहा कुंड्या नावानिशी असतील तर तो संग्रह, शंभर बेनामी असतील तर ती बाग. मार्करनं लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी आपल्या एका उन्हाळ्यात कोरी होते. थंड पेयाचा रिकामा कॅन कात्रीनं कापून बोटभर पट्ट्या करा, कडा दुमडून घ्या, आणि बंद पडलेल्या बॉलपेननं दाबून लिहा. अक्षरं कोरली जातात, जात नाहीत. एक पट्टी वर आणि तशीच दुसरी कुंडीच्या आत मातीत पुरा. वरची कावळा नेतो, नातू नेतो.

पट्टीवर नाव पुरेसं नाही. कुणाकडून आली, कुठून, कोणत्या वर्षी. नाव नक्की नसेल तर 'लोहारा, शाळेजवळची गुलाबी' असं लिहिलं तरी चालेल, पण चुकीचं लॅटिन नाव लिहू नका. ते पुढच्या दहा जणांकडे चुकीचंच पोचतं, माझ्या 'रोझिया'सारखं. वहीत दर वर्षी तीन गोष्टी टिपा: पाऊस कधी झाला, पहिलं फूल कधी आलं, किती आली. तारखेबरोबर नक्षत्र लिहिलं, तर पाच वर्षांनी वही वाचताना तुम्हालाच मजा येईल.

कांदे मिळवायचे कुठून? जुन्या घरांच्या अंगणातून, वाड्याच्या तुळशीवृंदावनाच्या कडेनं, शाळांच्या वाफ्यांतून. मागितले तर लोक खुशीनं ओंजळभर देतात. आमच्या सगळ्यात चांगल्या दोन गुलाबी कुठल्याही नर्सरीतल्या नाहीत, उमरग्याकडच्या एका आजींच्या उकिरड्याजवळच्या आहेत. मात्र येडशीच्या रामलिंग घाटात किंवा डोंगरावर दिसणारा रानकांदा 'हीपण लिलीच असेल' म्हणून उपटू नका. अभयारण्यातून झाड-कंद काढणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि रानकांदा विषारी आहे, कुंडीत त्याचं काही कौतुकही होत नाही.

बियांपासून नवीन प्रकार करायचा नाद लागला, तर तो फार स्वस्त नाद आहे. कळी उघडायच्या दिवशी पहाटे, ती स्वतः उमलायच्या आत, पाकळ्या हलक्या हातानं दूर करून सहाही पुंकेसर चिमट्यानं काढून टाका. दुसऱ्या जातीच्या फुलातला पिवळा पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावा, दांड्याला दोरा बांधून तारीख लिहा. तीन-चार आठवड्यांत तीन कप्प्यांची शेंग फुटते, आत काळं, पातळ, कागदासारखं बी. ते लगेच पेरा, डबीत ठेवून पुढच्या वर्षी पेरलंत तर फार थोडं उगवेल. लिलीला पहिलं फूल यायला दीड-दोन वर्षं लागतात. सिट्रिनाला आई केलंत तर बहुतेक रोपं पुन्हा सिट्रिनाच निघतात, म्हणून तिला बाप करा. माझ्या रोझिया आणि सिट्रिनाच्या एका शेंगेतून अकरा रोपं आली. त्यातल्या नऊ साध्या गुलाबी, एक अजून फुललेली नाही आणि एक अंगूर पिकताना होतो तशा रंगाची, तिला नाव सुचत नाही म्हणून पट्टीवर नुसतं १७ कोरलंय.

कीड एकच लक्षात ठेवा, लिलीची अळी. काळपट अंगावर पांढरे-पिवळे ठिपके, तोंड लालसर. पावसाळ्यात पतंग पानाच्या मागं पुंजक्यानं अंडी घालतो, अळ्या आठवडाभर गपचूप खातात आणि एका रात्रीत वाफा भादरून जातात, पुढं कांद्यातही शिरतात. स्पायडर लिली आणि नागदवण्यावरूनही त्या येतात, म्हणून तीही झाडं बघत जा. रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन फेरी मारा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. निंबोळी अर्कानं लहान अळ्या आवरतात, मोठ्यांना फरक पडत नाही. उन्हाळ्यात कांद्याच्या मानेत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो. तो जुन्या टूथब्रशनं घासून काढावा.

शेवटची सूचना घरातल्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी. या कुळातल्या फुलझाडांच्या कांद्यांत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. काढलेले, सडलेले कांदे आणि कापलेली पानं शेळ्यांपुढे टाकू नका. आपली उस्मानाबादी शेळी काय वाट्टेल ते चावून बघते. काढलेले कांदे सुकवताना ते खाण्याच्या कांद्याजवळ तर कधीच ठेवू नका. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका एप्रिलमध्ये कॅरिनाटाचे गड्डे सुपात पसरून मी ओट्याशेजारी ठेवले होते. सकाळी पोह्यांची तयारी चालली होती. आतून आवाज आला, "अहो, हे कांदे कुठले आणलेत? चिरताना बुळबुळीत लागतायत आणि वास कसला तो नाहीच." धावत गेलो. दोन गड्डे चिरून झाले होते, कढईत तेल तापलं होतं, मोहरी तडतडत होती. कांद्याचा वास न येणं हीच लिलीच्या गड्ड्याची सगळ्यात सोपी खूण, ती त्या दिवशी बायकोनं मला शिकवली. पोहे बटाटा घालून झाले. लिलीचे गड्डे तेव्हापासून चपलांच्या कपाटात, वरच्या फळीवर, लाल चिंधी बांधलेल्या पिशवीत असतात.